पदकवाल्या मामांचा भोपळा

आमच्या भागाला पाणी मामांच्या हातून येतं. टाकीखालच्या खोलीत मनगटाएवढी जाड चावी आहे, ती ते सकाळी दोन्ही हातांनी फिरवतात. मग घरोघरचे नळ आधी खोकतात, मग पिचकारी मारतात आणि मग कुठे धड वाहायला लागतात. पाणी कमी आलं की बायका रिकाम्या बादल्या घेऊन पंपघराच्या दारात येतात. पाइपला शिव्या घालतात, टाकीला घालतात, टाकी बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांना घालतात. मामा समोर स्टुलावर बसलेले असतात, त्यांना मात्र एक शब्द नाही. कारण मामांकडे पदक आहे.

पदक म्हणजे पोहण्याच्या शर्यतीत मिळतं तसलं नव्हे. लढाईतल्या शौर्याचं, सगळ्यांत वरचं, ज्याच्यावर मग काही देण्यासारखं उरतच नाही. ते छातीवर असलं की केवढाही मोठा सेनापती आधी सॅल्यूट करतो आणि मग मामा करतात. तसा नियमच आहे. बहुतेकांना हे पदक मेल्यावर मिळतं. आई नाहीतर बायको जाऊन घेऊन येते. जिवंत हातात पडलेले थोडे, आणि त्यातले अजून हिंडतेफिरते असलेले तर एका बाकावर मावतील.

अंगापिंडाने मामा म्हणजे बुटका, रुंद गडी, पाण्याच्या पिंपासारखा. नखांत कायम ग्रीस. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. लष्करात ते पूल बांधणाऱ्या तुकडीत साधे शिपाई होते. लढाई चालू असताना नदीवर पिंपांचा तरंगता पूल टाकला होता, त्यावरून जखमींना अलीकडे आणत होते. गोळा पडला, पूल मधेच तुटला आणि जखमींनी भरलेला तुकडा प्रवाहाबरोबर निघाला तो थेट शत्रूच्या काठाकडे. मामांनी तारेचा दोर कमरेला बांधला आणि वरून गोळ्या पडत असताना पाण्यात उडी घेतली. दोर अडकवून आवळताना बोटं गेली. मानपत्रात हे सगळं पानभर छापलंय, ‘अतुलनीय’ आणि ‘प्राणांची पर्वा न करता’ असले शब्द घालून. शाळाशाळांतून मामांना बोलावतात, मानपत्र वाचतात आणि मग मामांना ‘दोन शब्द’ बोलायला सांगतात. मामांचं भाषण ठरलेलं असतं. ते उठतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, “दोर सुटला होता. बांधला.” आणि खाली बसतात. टाळ्या थांबत नाहीत.

तर असा हा माणूस. संसार झाला, मुलगी परगावी सुखात आहे, पंप चालतो, रात्री झोप लागते. पण पदकाने एक भानगड करून ठेवली होती. मामांशी कुणी खरं बोलायचं नाही.

पत्ते खेळायला बसले की मामा हरायचे नाहीत. समोरचा हातात हुकमाची पानं धरून दुर्री-तिर्री टाकायचा. मामांनी डोळे तपासायला जावं तर डॉक्टर म्हणायचा, “वाघाचे डोळे आहेत!” आणि मामा घरी येताना खांबाला धडकायचे. एकदा कुणाच्या तरी लग्नात त्यांनी गाणं म्हटलं. आमच्या म्हातारीचं कोंबडं त्यापेक्षा सुरात आरवतं, पण मांडवातली माणसं उभी राहून वाहवा करत होती. एकट्या मामी सरळ बोलायच्या. “आधी अंग धुऊन या, मग पदकं सांगा. डिझेलचा डबा सांडल्यासारखा वास येतोय.” मामांचा जीव बराचसा त्या बोलण्यावर टिकून होता असं माझं मत आहे.

आणि मामांना भोपळ्याचा नाद. पंपाच्या दांड्यापाशी थेंब थेंब गळती असते, ती बंद करता येत नाही, थोडी ठेवावीच लागते. ते पाणी भिंतीमागे जाऊन जमीन बारमाही ओली असते. तिथे मामांचा वेल. सकाळी चावी फिरवून झाली की मामा भिंतीमागे. फुलं मोजायची, किडा टिपायचा, फळाखाली वाळलेलं गवत सारायचं, मधेच त्याला थापटायचं. मामी म्हणायच्या, “एवढं मुलीला नाही कुरवाळलंत.”

दरवर्षी बाजार समिती भाजीपाल्याचं प्रदर्शन भरवते. भोपळ्यात पहिला नंबर मामांचा. गेली कित्येक वर्षं, न चुकता. दुसरा नंबर शिंप्याचा, तोही न चुकता. हा शिंपी म्हणजे काडीपैलवान, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. दुकानाच्या गच्चीवर पत्र्याच्या डब्यांत त्याचे वेल. अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या झोळ्या शिवून एकेका भोपळ्याला तो त्यात निजवायचा. लोक हसायचे, तो हसू द्यायचा.

एका वर्षी, प्रदर्शनाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मामा न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते, तोंडभर फेस, वर गरम टॉवेल. शिंपी आत आला. बाकावर बसलेल्या कुणीतरी विचारलं, “काय मग, यंदा पहिला की दुसराच?”

शिंप्याच्या तोंडात त्या दिवशी टाचण्या नव्हत्या.

“आम्ही दुसऱ्या नंबरासाठीच जन्माला आलोय,” तो म्हणाला. “पदकापुढे भोपळा बघतंय कोण? मामांनी उद्या टेबलावर पंपाचं झाकण नेऊन ठेवलं तरी पहिला नंबर त्याचाच. वर म्हणतील, काय रंग आहे, काय गोलाई आहे!”

न्हावी खोकला. परत खोकला. शेवटी वस्तऱ्यानेच खुर्चीकडे बोट केल्यासारखं केलं. टॉवेल हळूच खाली आला आणि फेसातून मामांचे डोळे बाहेर आले.

शिंप्याचा चेहरा फेसापेक्षा पांढरा. “मामा, तसं नव्हे हो… आपलं बोलायला बोललो…”

“नाही, थांबा. तुमचा भोपळा माझ्यापेक्षा चांगला असतो?”

शिंपी उंबऱ्यावर पोचला होता. तिथून तो म्हणाला, “असतो,” आणि चपला हातात घेऊन पळाला.

“मनावर घेऊ नका मामा,” न्हावी म्हणाला. “जळतात मेले.”

पण मामांनी घेतलंच मनावर. रागावले नव्हते, हे लक्षात घ्या. त्यांना घोर लागला होता. माणसाने आपल्या हाताने एक गोष्ट वाढवावी आणि ती चांगली की वाईट हेच कळू नये, हे त्यांना सहन होईना. घरी येऊन त्यांनी मामींना विचारलं, “खरं सांग, पहिला नंबर भोपळ्याचा असतो का पदकाचा?”

“मला काय कळतंय त्यातलं? मला तर दुधी आणि भोपळा दोन्ही सारखेच नकोसे वाटतात. जेवायला बसा.”

“मला कळायला पाहिजे.”

“कळून काय करणार? पहिला नंबर टोचतोय का तुम्हाला?”

“टोचतोय,” मामा म्हणाले, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मामींनी तेव्हा ओळखलं की प्रकरण साधं नाही.

पुढच्याच महिन्यात राजधानीत संचलन होतं. दरसाल असतं. पदकवाल्यांना उघड्या गाडीतून पुढे नेतात. त्याआधी त्यांना एका मोठ्या खोलीत बसवून ठेवतात, चहा देतात आणि कडक कपड्यांतले अधिकारी आत येऊन एकेक सॅल्यूट ठोकून जातात. खोलीत एका बाजूला गेलेल्यांच्या घरच्या बायका असतात, मांडीवरच्या पिशवीत पदकाची डबी. मामा आधी त्यांच्याकडे जातात. मोठं काही बोलत नाहीत. “गुडघा काय म्हणतो?” “आहे तसाच.” “घराचं छत केलंत का?” “केलं, पण गवंडी फसवून गेला.” असलंच. त्या बायकांनाही तेच बरं वाटत असावं, कारण मामा दिसले की त्या शेजारची खुर्ची मोकळी करतात.

मग मामा आपल्या माणसांत येऊन बसले. आपली माणसं म्हणजे दोन. एक म्हातारा वैमानिक, काठीसारखा ताठ, आणि एक रणगाडावाला, जो आता कोंबड्या पाळतो.

“एक विचारू का?” मामा म्हणाले. “तुमच्याशी कुणी खरं बोलतं का हो?”

रणगाडावाला कप तोंडाशी नेता नेता थांबला. “म्हणजे?”

मामांनी भोपळ्याची हकीकत सांगितली. रणगाडावाला एवढ्याने हसला की दारातला पहारेकरी आत डोकावून गेला.

“अरे, मी एकच विनोद सांगतोय पदक मिळाल्यापासून,” तो म्हणाला. “लोक दरवेळी पोट धरून हसतात. शेवट विसरलो तरी हसतात. गेल्या वर्षी शेवट सांगितलाच नाही, तरी हसले!”

“माझी बासरी,” वैमानिक म्हणाला.

“बासरी काय?”

“मी बासरी वाजवतो. कार्यक्रम होतात. हार घालतात. एकदा नात म्हणाली, आजोबा, दाराच्या फटीतून वारा येतो ना, तसं वाटतंय. तिच्या आईने तिला रट्टा दिला. मी आईला म्हटलं, मारू नकोस, इतक्या वर्षांत पहिला शिक्षक भेटलाय.”

“मग?”

“मग शिकायला गेलो, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी. मास्तर रोज झापतो. काय सांगू तुम्हाला, वीस वर्षांनी लहान झालोय.”

मामांनी हे ऐकलं आणि बाहेर बँड सुरू झाला. उघड्या गाडीत उभे राहून सॅल्यूट घेताना मामांचं लक्ष काही तिथे नव्हतं. कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी भोपळा कसा न्यायचा, हा विचार त्यांच्या डोक्यात चालला होता.

तोड मेहुणीने काढली. मामींची ही धाकटी बहीण बसमध्ये कंडक्टर. जिभेला धार अशी की तिच्या बसमध्ये फुकटे चढतच नाहीत. ती म्हणाली, “दाजी, तुमचा चांगला भोपळा माझ्या नावावर लावा. मला कोण विचारतंय? आणि तुमच्या नावावर ठेवा तो भिंतीच्या सावलीतला रडका.”

सावलीतला रडका म्हणजे वेलाच्या टोकाला धरलेलं एक फळ. ऊन नाही मिळालं, एका बाजूने चपटं, देठाशी सुरकुतलेलं, अंगावर खपल्या. मामी तर त्याला बघून म्हणाल्या होत्या, “ह्याला कुणी तुडवलं का?”

“तो कसा ठेवू? लोक हसतील,” मामा म्हणाले.

“हसले तर बरंच की! तुम्हाला तेच पाहिजे ना?”

फसवाफसवी मामांच्या पचनी पडली नाही, पण दुसरा रस्ता नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी मांडवात लांबच लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, प्रत्येक फळासमोर चिठ्ठीवर नुसता आकडा. नाव नाही, हे समितीच्या प्रामाणिकपणाचं लक्षण. फक्त दरवर्षी मामा स्वतः आपला भोपळा पोटाशी धरून सगळ्यांदेखत आणून ठेवायचे आणि प्रमुख पाहुणे म्हणून पदक लावून त्याच्याच शेजारी उभे राहायचे, एवढंच. यंदाही तसंच. मामांनी तो रडका आणून ठेवला. लोकांनी माना लांब करून बघितलं, मामांकडे बघितलं, पदकाकडे बघितलं आणि माना डोलावल्या. मेहुणीने आपला मोठा, केशरी, तुकतुकीत भोपळा टेबलाच्या पार टोकाला आदळला आणि “सरका ओ पुढे, पुढे जागा आहे,” असं सवयीने म्हणाली. शिंप्याने आपला झोळीतून काढून हलकेच ठेवला आणि मामांशी नजर न मिळवता खांबाआड गेला.

परीक्षक तीन. बाजार समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त कॅप्टन, आणि शेतीशाळेतल्या बाई. बाई या कामाला नव्या होत्या. त्या प्रत्येक भोपळ्यावर टिचकी मारून कान लावत होत्या. रडक्यापाशी आल्या, टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. कॅप्टन त्यांच्या कानात कुजबुजले. बाईंनी मामांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

अध्यक्षांनी माइक घेतला. “पहिला क्रमांक! यंदाचं हे फळ दिसायला साधं आहे. पण मंडळी, या साधेपणातच मातीचं सत्त्व आहे. हा चपटेपणा बघा. हा नैसर्गिक आहे. हल्लीच्या फुगवलेल्या भोपळ्यांत हे नाही!”

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. एकही माणूस हसला नाही. मामा कान लाल करून उभे होते. मामींनी पदराने तोंड दाबून घेतलं होतं, त्या रडतायत असं लोकांना वाटलं.

दुसरा नंबर शिंप्याचा, हे अध्यक्ष सांगायच्या आतच शिंपी कप घ्यायला निघाला होता. तेवढ्यात मामांनी माइक धरला. लोकांना वाटलं, आता ‘दोर सुटला होता, बांधला’ येणार. पण मामा म्हणाले, “हा भोपळा भिकार आहे.”

अध्यक्षांनी माइक घ्यायला हात पुढे केला, मामांनी तो दिला नाही.

“मी लावलाय, मला माहीत आहे. सावलीत सडलेला आहे. कापून बघा. अध्यक्ष, याच्यात मातीचं सत्त्व नाही, अळ्या आहेत. माझा चांगला भोपळा दुसरीकडे दुसऱ्याच्या नावावर ठेवलाय. मी लबाडी केली. कारण मला कळायला पाहिजे होतं, तुम्ही बघता कशाकडे.”

अध्यक्ष घाम पुसायला लागले. “मामा, आम्ही आदरापोटी…”

“आदर पदकाला करा. ते नदीवरचं आहे, त्याचा हिशेब तिकडे झाला. भोपळा हा भोपळा आहे.” मग ते कॅप्टनकडे वळले. “साहेब, हे छातीवर असलं की माझं ऐकायला पाहिजे ना?”

कॅप्टनने टाचा जुळवल्या. “अर्थात!”

“मग ऐका. आता सगळ्या चिठ्ठ्या काढा. फळं हलवा, जागा बदला. ज्यांनी ठेवलीत ते सगळे मांडवाबाहेर. मीही बाहेर. आणि एकेक फोड कापून निकाल लावा. हा रडका गाईला घाला.”

शेतीशाळेच्या बाईंनी तोवर पिशवीतून सुरी काढलीसुद्धा.

बाहेर सायकली लावायच्या जागेपाशी मामा येरझारा घालायला लागले. पदक काढून त्यांनी मामींच्या हातात दिलं. मामींनी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

“पाय का थरथरतोय तुमचा?”

“कुठे थरथरतोय?”

“पँट हलतीय ना. वारा तर नाही.”

मामा सायकलच्या कॅरिअरवर बसले. “नदीत असं काही झालं नव्हतं.”

“नदीत विचार करायला वेळ नव्हता. इथे बसून करताय.” मामींनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली. “शेवटून पहिला आला तर काय कराल?”

“पुढच्या वर्षी नीट लावीन.”

“आणि परत पहिला आला तर?”

मामांनी गोळी या गालातून त्या गालात फिरवली. “मग शिंपी खोटं बोलला असं होईल. तेवढं व्हायला नको बाई. एक माणूस खरं बोलला होता.”

पलीकडे शिंपी भिंतीला टेकून उभा होता, तोंडात दोन टाचण्या. कुठून काढल्या कुणास ठाऊक. मेहुणी मधे उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि म्हणत होती, “भोपळ्याचा निकाल आहे, का कुणाचं बाळंतपण?”

शेवटी आत बोलावलं. या वेळी माइक बाईंच्या हातात होता. अध्यक्ष मागे बसून पाणी पीत होते. बाईंनी कापलेल्या फोडी ताटात मांडल्या होत्या. पहिली फोड जाड, घट्ट, आतून जर्द. साल पातळ. “हा पहिला,” बाई म्हणाल्या. शेजारची फोडही छान होती, पण मधे जरा पाणचट. “हा दुसरा. पाणी जास्त झालंय याला. हा कुणाचा असेल त्याने शेवटच्या दिवसांत पाणी तोडायला हवं होतं.”

मामांनी मान खाली घातली. पाणी जास्त झालं होतं! पंपघराच्या मागे पाणी तोडणार कसं? त्यांना एकदम सगळं पटलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या भोपळ्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं होतं.

ज्याने त्याने आपला भोपळा ओळखला. पहिला शिंप्याचा. दुसरा मेहुणीच्या नावावरचा.

टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला, कारण लोक मामांच्या तोंडाकडे बघत होते. मामाच आधी टाळ्या वाजवायला लागले, आठ बोटांनी, मग मांडव उठला. शिंप्याला टाचण्या तोंडातून काढायचं सुचेना, त्याने तसाच कप घेतला आणि ओठ मिटून हसला. मेहुणीने दुसरा कप काखेत मारला.

“दे इकडे,” मामा म्हणाले.

“का म्हणून? नाव माझं आहे. हा माझ्या टीव्हीवर बसणार.”

“अगं, भोपळा माझा…”

“दाजी, आत्ताच एवढं भाषण केलंत, आता कपासाठी भांडताय?”

मामांनी कपाचा नाद सोडला. मग शिंप्याकडे गेले. शिंपी भोपळ्याचा उरलेला भाग झोळीत भरत होता.

“खत कुठलं घालता?” मामांनी विचारलं.

शिंप्याने टाचण्या काढून कॉलरला टोचल्या. मामांकडे पाहिलं. मग म्हणाला, “ते नाही सांगणार.”

कॅप्टन पुढे धावले. “अहो, मामा विचारतायत! त्यांना नाही म्हणता?”

“कुणीही विचारू दे. सांगणार नाही.”

मामांच्या पोटातून जे हसू निघालं ते थांबेना. डोळ्यांना पाणी आलं, ठसका लागला, बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. “नाही सांगणार म्हणतोय!” ते मामींना सांगत होते, जणू कुणी त्यांना मोठी भेट दिली होती. “मला! तोंडावर!”

“ऐकलं मी,” मामी म्हणाल्या. “घरी चला आता.”

पण मामांनी झोळीचं एक टोक उचललं होतं. दुसरं टोक शिंप्याकडे. दोघं मांडवातून बाहेर पडले आणि दुकानाच्या रस्त्याला लागले, एक बुटका आणि एक काडी, मधे हिंदकळणारा भोपळा.

“कोंबडीची विष्ठा घालता काय? माझ्या ओळखीचा एक रणगाडावाला आहे, पोतंभर आणून देईल.”

“नाही सांगणार.”

“माशांचं पाणी?”

“मामा, जरा उजवीकडून घ्या, खड्डा आहे.”

“राख असणार. लाकडाची राख.”

“नाही सांगणार म्हटलं ना!”

मामी मागून हाका मारत होत्या, पण कोपरा वळेपर्यंत मामांनी काही वळून पाहिलं नाही. खताच्या अंदाजात ते आता इस्त्रीच्या कोळशावर आले होते.